गभणे सिस्टरचे हातमोजे

सायकलच्या हातमोज्यांबद्दल मला कोणी अक्कल शिकवू नये! परवा नागपूरच्या एका झकपक दुकानात काचेमागे अर्ध्या बोटांचे हातमोजे टांगलेले पाहिले आणि मी तिथेच खो खो हसत सुटलो. दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, परदेशी डिझाइन आहे." परदेशी! अरे बाबा, तुझा जन्म झाला नव्हता तेव्हा आमच्या कोंढ्यात अशा हातमोज्यांची जोडी तयार झाली होती. कारागीर कोण ते आत्ताच सांगितलं तर तुम्ही हसाल आणि पुढचं ऐकणार नाही. म्हणून ते मागाहून सांगतो. आधी ज्या बाईसाठी ते झाले तिच्याबद्दल सांगतो, कारण हातमोजे हे निमित्त आहे, आठवण तिची आहे.

माझं कापडाचं दुकान कोंढ्याच्या बाजारात. समोर आरोग्य उपकेंद्राची खोली आणि तिला लागून नर्सबाईचं राहायचं घर. सत्तर सालानंतरची गोष्ट. तोवर तिथे आलेल्या नर्सबाया वर्षभरात कंटाळून बदली करून घ्यायच्या. त्यांचं चुकत होतं असंही नाही. आजूबाजूची गावं लांब लांब, मधे धानाच्या बांध्या, तलावाच्या पाळी, बैलगाड्यांनी खणलेले मुरमाचे रस्ते. अशात एका सकाळी एसटीच्या टपावरून एक सायकल खाली उतरली आणि तिच्यामागून गभणे सिस्टर उतरल्या. उंच, रुंद खांद्यांच्या, पांढऱ्या साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. ड्रायव्हरला ओरडून म्हणाल्या, "हळू उतरवा जी, ते माह्या पायापेक्षा महाग हाये मले!"

बाई सायकलवर! आमच्याकडे तेव्हा हे नवल होतं. लोक ओट्यावर येऊन उभे राहायचे. म्हातारे तोंडात तंबाखू धरून थांबायचे. सिस्टरना त्याचं काही नव्हतं. त्यांच्या सायकलला घंटी होती, पण ती त्यांनी कधी वाजवली नाही. "हो बाजूले, येऊन राहिली!" अशी आरोळी ठोकायच्या. माणसाला तेच, म्हशीला तेच. महिनाभरात गावच्या म्हशी त्या आवाजाला सरायला लागल्या, माणसांना जरा जास्त वेळ लागला.

आणखी एक खोड होती. कोणी समोर आलं की "कसे आहात" वगैरे विचारायच्या नाहीत. सरळ हात पकडायच्या. नख दाबून पाहायच्या, तळवा उलटा करायच्या, मनगटावर बोटं ठेवायच्या, आणि मग निकाल. "रक्त कमी हाये, चवळीची भाजी खा." "ताप हाये तुले, बाजारात काहून फिरून राहिली?" माझ्या दुकानात गिऱ्हाईक कापड पाहत असायचं आणि या मागून येऊन त्याचा हात धरायच्या. दोन-चार गिऱ्हाइकं तर सिस्टर दिसल्या की हात खिशात घालायची. मी चिडायचो. "अजी सिस्टरबाई, माहा धंदा बसवता का?"

"भाऊजी, तुम्ही कापड हातानं पाहता ना? मी माणूस हातानं पाहतो. तुमच्यात-माह्यात फरक काय?"

त्यांनी माझ्या बायकोला, मंदाला, आल्या आल्या धाकटी बहीण करून टाकलं होतं, म्हणून मी भाऊजी. तक्रार करायला जागाच ठेवली नव्हती.

पण हे हातांचं खूळ नव्हतं. ते त्यांचं हत्यार होतं. गरोदर बाईच्या पोटावर तळवे ठेवले की बाळाचं डोकं कुठे, पाठ कुठे, सरळ आहे की आडवं, सगळं त्यांना समजायचं. तेव्हा आमच्याकडे दुसरं यंत्र कुठे होतं? पवनीचा दवाखाना लांब. बाईला तिथे न्यायचं की घरीच मोकळी करायची हे त्या दोन तळव्यांवर ठरायचं. सिस्टर नेहमी म्हणायच्या, "माहे हात जागे पाह्यजेत. मी झोपली तं चालन, हात झोपून चालत नाही."

आणि नेमके तेच झोपायला लागले.

उन्हाळा सरत आलेला. दुपारी त्या मोहटोल्याहून आल्या. तलावापलीकडची ही छोटी वस्ती, तिथला रस्ता आमच्या भागातला सगळ्यात वाईट. नेहमीसारखी आरोळी नाही, काही नाही. दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि मंदाला म्हणाल्या, "माह्या बोटाले सुई टोच."

मंदा घाबरली. त्यांनी स्वतःच सुई घेतली आणि करंगळीला टोचली. रक्ताचा थेंब आला. चेहऱ्यावर काही नाही.

"पाहून राहिली का? समजतच नाही. एवढा रस्ता हँडल दाबून धरलं, हादरे बसले, तळव्याले फोड आले आन् बोटं मेली. पोटावर हात ठेवला तं दगडावर ठेवल्यावानी. डोकं खाली हाये का वर, काही समजलं नाही मले. अंदाजानं केलं. पोट्टी सुखरूप झाली, पण थे नशीब. माह्या हातानं नाही झाली."

मी म्हणालो, "जरा बसा, विश्रांती घ्या, येईल जिवात जीव."

"तिकडं बाई कळा देऊन राहिली आन् मी अर्धा तास हात चोळत बसू?" त्या ओरडल्या. मग एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, मंडईपर्यंत पाह्यतो. नाही जमलं तं भंडाऱ्याले बदली मागतो. दवाखान्यात सायकल लागत नाही."

आमच्या गावची मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. तोवर पाच-सहा महिने होते. मंदा त्या रात्री जेवली नाही. तिची दोन्ही बाळंतपणं गावात नर्सबाई नसतानाच्या काळात झालेली, त्यातलं एक लेकरू राहिलं नव्हतं. तिने मला फक्त एवढंच सांगितलं, "या बाईले जाऊ देणार नाही मी."

आणि आमच्या घरात हातमोज्यांचं कारखाना-पर्व सुरू झालं!

पहिला प्रयोग लोकरीचा. थंडीचे विणलेले हातमोजे माझ्या जुन्या पेटीत होते. सिस्टरनी ते घालून तलावाच्या पाळीवरून एक चक्कर मारली. परत आल्या तेव्हा हात पिळले तर पाणी निघावं इतका घाम. वर लोकर हँडलवरून घसरत होती. "यानं तं माही सायकल माह्याआधी गावी पोचन," म्हणाल्या आणि मोजे मांजराच्या अंगावर टाकले.

पण हात झोपले की जागे आहेत हे तपासायचं कसं? सारखी सुई टोचणार का? यावर त्यांनीच तोड काढली. माहेर त्यांचं एकोडीचं, साकोलीकडे, धानाचं घर. लहानपणी भावंडं डोळे मिटून तांदळाची जात ओळखायचा खेळ खेळायची. तोच त्यांनी चालू केला. मंदा सुपात तांदूळ ठेवायची, थोडा चिन्नोर, थोडा लुचई. चिन्नोर बारीक, नाजूक. लुचई जरा भरदार. सिस्टर मोहटोल्यापर्यंत सायकल दामटून यायच्या, हातमोजे काढायच्या, डोळे मिटायच्या आणि दाणा चिमटीत धरायच्या. चिन्नोरला वास असतो ना, म्हणून दुसऱ्या हाताने नाकही दाबायच्या. "वासानं ओळखली तं थे चोरी झाली." नाक दाबून, डोळे मिटून, बाजाराच्या मध्यभागी उभी असलेली ही उंच बाई आणि भोवती अर्धं गाव. "चिन्नोर!" "नाही जी, लुचई!" "हारली सिस्टरबाई!" त्यांचा चेहरा पडायचा. गावाला मजा वाटायची, मला आणि मंदाला माहीत होतं की ही मजा नाही.

दुसरा प्रयोग चामड्याचा. रामाजी नावाचे आमचे चांभार. बैलांचे पट्टे, मोट, जोडे सगळं करायचे. त्यांनी दिलदारपणे इतकं जाड चामडं वापरलं की हातमोजे टेबलावर ठेवले तर आपापले उभे राहायचे. मूठच वळेना. रामाजी म्हणाले, "तेल पाजा, नरम होते." तेल कुठलं? घरोघरी असायचं ते मोहाच्या टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं. सिस्टरनी पाजलं तेही दिलदारपणे. सकाळी हातमोजे लोण्यासारखे मऊ. खूश होऊन निघाल्या. रोवणीचे दिवस, बांधीत बाया वाकून धान लावत होत्या, त्यांना हात दाखवायला सिस्टरनी एक हात सोडला आणि दुसरा तेलाने हँडलवरून सुळकन निसटला. सायकल पाळीवर, सिस्टर बोडीत, म्हणजे शेताजवळच्या तळ्यात! कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून ओरडल्या, "हसा वो हसा! पण पहिले सायकल उचला माही!" बाया हसून हसून चिखलात बसल्या.

हातमोजे वाळवायला दारात ठेवले, तर तेलाच्या वासाने एक कुत्रा उजवा घेऊन पळाला. सिस्टर त्याच्यामागे सायकलवर, "हो बाजूले!" ओरडत, साऱ्या बाजारातून. कुत्रा सापडला नाही. डावा हातमोजा पुढे बरेच दिवस माझ्या दुकानात खिळ्याला टांगलेला होता, गिऱ्हाइकं चौकशी करायची.

मग मी पुढे झालो. म्हटलं, कापडाचं काम आहे, चांभाराचं नाही. खाकी जाड कापड, दुहेरी शिवण, मी स्वतः मापं घेतली, मंदाने मशीनवर शिवले. रुबाबदार दिसत होते, खोटं कशाला बोलू! सिस्टर मोहटोल्याहून आल्या, हातमोजे काढले, तळवा माझ्या नाकासमोर धरला. तळव्याच्या बरोबर मधून, जिथे मी शिवण घेतली होती तिथे, लाल रेघ उमटली होती आणि रेघेवर फोड.

"भाऊजी, हे हातमोजे बाजारात फिरायले चांगले. दुकानात बसून घालत जा."

मंदा तोंडाला पदर लावून हसत होती. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. पण त्या दिवसापासून तिने मला मापाला हात लावू दिला नाही, आणि खरं काम तिथून सुरू झालं.

दोघी बसायच्या माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत. मंदा विचारायची, "कुठं दुखते, नेमकं कुठं?" सिस्टर मूठ आवळायच्या, सैल करायच्या, लाटणं हँडलसारखं धरायच्या आणि मंदा त्यांच्या तळव्यावर निळीने खुणा करायची. तेव्हा समजलं की सगळा तळवा नाही दुखत. मनगटाजवळचा, करंगळीच्या बाजूचा गोळा आहे ना, तिथे हँडलचा दाब बसतो आणि त्यामुळे करंगळी आणि बाजूचं बोट मरतं. तेवढीच जागा भरायची. बाकी हात मोकळा. गोधडी शिवतो तसं जुन्या धोतराचे थर घालून मंदाने तेवढीच गादी टाचली. वरून शेळीच्या मऊ चामड्याचा तुकडा, तो रामाजींनी आणून दिला. आणि हाताच्या पाठीला काय लावायचं? घाम शोषला पाहिजे, हवा लागली पाहिजे, फाटलं नाही पाहिजे.

मंदा माझ्या कपाटाजवळ गेली आणि कोशाचं ठाण काढलं.

कोसा! आमच्या भंडाऱ्याकडचं रानातलं रेशीम. लग्नाकार्यात नेसायचं, पूजेला बसायचं कापड. मी म्हणालो, "अवो, हातमोज्याले कोसा लावतात का कोणी?"

"तुम्हीच गिऱ्हाइकाले सांगता ना, कोसा घाम पितो, आन् वापरून वापरून अजून मऊ होतो म्हणून? का खोटं सांगता?"

कात्री कापडात गेली आणि मी दुकानात जाऊन बसलो.

ते हातमोजे! शिवण तळव्यावर नाही, सगळी कडेने. मनगटाला नाडी नाही, कापडाचाच घट्ट पट्टा. हाताला असे बसले की सिस्टर कितीतरी वेळ बोटं उघडत-मिटत बसल्या. मोहटोल्याला जाऊन आल्या. फोड नाही. घाम नाही. सुपात हात घातला. "चिन्नोर." बरोबर! पण पुढचा दाणा चुकला, त्याच्या पुढचाही. गादीने हात वाचवला होता, पण बोटांची टोकं कापडात कोंडून गरम, फुगलेली, अर्धी बधिर. मंदा रडकुंडीला आली. मंडई दुसऱ्या दिवशी होती. सिस्टर म्हणाल्या, "राहू दे बाई. तू केलं तेवढं कोण करते?" आणि बदलीचं बोलणं त्यांनी नव्याने काढलं नाही, पण आम्ही ओळखलं.

आता कारागिराचं नाव सांगतो.

त्या संध्याकाळी वैतागाच्या भरात सिस्टर सुपातला उरलेला चिन्नोर दोन्ही हातमोज्यांतच भरून घरी घेऊन गेल्या. घरी पुन्हा तालीम करू म्हणून. मग कंटाळल्या आणि हातमोजे तसेच खुंटीला टांगले, बोटांत तांदूळ, तोही वासाचा चिन्नोर. पुढचं तुम्हीच ओळखा. आमच्या भागात नवीन चिन्नोर घरात आला की उंदरांची दिवाळी असते!

सकाळी समोरच्या घरातून जी किंकाळी आली ती ऐकून मंडईला आलेले पाहुणे धावत गेले. सिस्टर दारात, दोन्ही हातमोजे हातात. दहाच्या दहा बोटांची टोकं कुरतडलेली. तळव्याचं चामडं शाबूत, गादी शाबूत, मनगट शाबूत. फक्त बोटं गायब, आणि तीही जवळजवळ सारखी, दुसऱ्या पेरापाशी. उंदरांनी फक्त तांदूळ होता तेवढंच कापलं होतं.

मंदाने कपाळावर हात मारला. त्याच क्षणी मोहटोल्याहून एक माणूस धापा टाकत आला. सून अडली होती, पहाटेपासून कळा, काही पुढे सरकत नव्हतं. सिस्टरनी इकडे तिकडे पाहिलं, दुसरं काही नव्हतंच. ते कुरतडलेले हातमोजे तसेच चढवले, झोळी कॅरिअरला लावली आणि मंडईच्या गर्दीतून निघाल्या. "हो बाजूले, येऊन राहिली!" फुगेवाले, जिलेबीवाले, सगळे बाजूला. कोशाच्या चिंध्या वाऱ्यावर उडत होत्या आणि त्यातून त्यांची दहा बोटं उघडी.

मंडईत दंडार चालू झाली, आमचं दिवसाचं लोकनाट्य. ढोलकी घुमत होती. माझं आणि मंदाचं लक्ष मात्र तलावाच्या पाळीकडे. दुपार झाली. मंदाने जेवणही ताटात तसंच टाकलं.

आणि पाळीवरून सायकल दिसली! वर सिस्टर. इतकी जोरात की मला वाटलं आता पुन्हा बोडीत जाणार. सिस्टर थेट दंडारीच्या गोलात घुसल्या, सायकल सोडून दिली, ती ढोलकीवाल्याच्या अंगावर पडली. मंदाचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले.

"आडवं होतं! मंदा, पोरगं आडवं होतं पोटात! हात ठेवला आन् डोकं माह्या बोटाखाली आलं, इकडं, या बाजूले! साफ समजलं मले! दाणा समजते तसं! तिथच्या तिथं ट्रॅक्टरवर घातली, पवनीले धाडली, सोबत डांबरी रस्त्यापर्यंत गेली मी. घरी मोकळी करतो म्हटलं असतं तं दोघंही गेले असते वो!"

मंदा रडायला लागली. सिस्टर हसत होत्या आणि रडतही होत्या. उघडी बोटं सगळ्यांना दाखवत होत्या. "बोटं मोकळी पाह्यजेत! तळवा झाका, बोटं उघडी ठेवा! आपण एवढ्या शहाण्या बाया, आपल्याले नाही सुचलं, आन् उंदराईनं बरोबर कापलं!"

दंडारीतल्या सोंगाड्याने ते तिथल्या तिथे उचललं. उंदीरमामा शिंपी आणि त्याचं गिऱ्हाईक नर्सबाई, असं सोंग त्याने उभं केलं. सगळी मंडई हसून लोटपोट. पवनीहून निरोप आला तेव्हा संध्याकाळ होत होती. पोरगा झाला, माय-लेक सुखरूप. बदलीचं नाव सिस्टरनी पुन्हा काढलं नाही.

मंदाने कुरतडलेल्या कडा दुमडून टिपून घेतल्या. ती जोडी किती टिकली विचारता? तळव्याचं चामडं दोन-तीनदा बदललं, पण कोसा आणि शिवण तशीच. पुढे मंदाने आणखी जोड्या शिवल्या, सिस्टरला मात्र पहिलीच लागायची.

त्यानंतर सिस्टर आमच्या भागातल्या सायकलवाल्यांच्या मागे लागल्या. दूधवाला, टपालवाला, कोणी सुटला नाही. एकदा एक बैलांचा व्यापारी बाजारात नागपुरी काळे चामडी हातमोजे मिरवत आला. चकचकीत, बक्कल लावलेले. सिस्टरनी नेहमीप्रमाणे हात पकडला.

"मूठ वळवा."

"काहून जी?"

"वळवा म्हणतो ना! आता पाहा, तळव्यावर घडी पडली का नाही? तिथंच फोड येते. हे बक्कल मनगटाची शीर दाबते. शिवण उलटी करून पाहा, एकेरी. पावसाळा पाहणार नाही हे. घ्यायच्या आधी मूठ वळवून पाह्यली होती का दुकानात?"

"नाही."

"मंग चेहरा पाहून घेतले का?"

लोक हसले. व्यापारी बिचारा हात मागे घेऊन निघून गेला आणि पुढच्या बाजारी गुपचूप मंदाकडे मापं द्यायला आला. त्या दिवशी मी त्याच्याकडे असं पाहिलं की माझ्या खाकी हातमोज्यांचा वचपा निघाला!

आणि ते सूप. त्याची तर रीतच पडून गेली. सिस्टर कोणत्याही घरी बाळंतपणाला पोचल्या की घरातली म्हातारी दारातच सूप पुढे करायची, त्यात दोन जातीचे तांदूळ मिसळलेले. सिस्टर हातमोजे काढायच्या, डोळे मिटायच्या, नाक दाबायच्या, दाणा ओळखायच्या, मग साबणाने हात धुऊन आत. आतली बाई कळा देत असतानाही बाहेर कान लावून असायची. "लुचई!" असा आवाज आला आणि म्हातारी "बरोबर!" म्हणाली की तिला धीर यायचा. सिस्टर गेल्यावर नव्या नर्सबाईसमोरही बाया सूप धरायच्या. ती विचारायची, "हे कायले?" त्या म्हणायच्या, "धरा जी, चांगलं असते."

सिस्टर गेल्या हे असं सहज बोलून गेलो. ऐंशी सालानंतर त्यांना बढती मिळाली आणि पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला नेमणूक झाली. इकडे वैनगंगेवर गोसीखुर्दला धरण होणार म्हणून बोलणी चालू होती, लोक आपापल्या चिंतेत होते, तरी त्या सकाळी मोटार स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळीकडून बाया आल्या होत्या, कडेवर, बोटाला लेकरं. सायकल येताना खात्यानेच दिलेली, ती जमा झाली होती. सिस्टरची ट्रंक टपावर चढली. त्या खिडकीपाशी बसल्या. मंदा खिडकीखाली उभी. मी उगाच कंडक्टरशी वाद घालत होतो.

एसटी चालू झाली आणि गर्दी कापत एक पोरगा सायकलवर आला. मोहटोल्याचा शालिक. "सिस्टरबाई! माही बायको... नवी सिस्टर अजून आली नाही जी!"

खरं तर त्यांचं काम संपलं होतं, कागदोपत्री त्या आता आमच्या नव्हत्या. कंडक्टर म्हणाला, "बाई, गाडीले उशीर होऊन राहिला."

सिस्टर कधी उठल्या ते दिसलंच नाही, पुढच्या क्षणी त्या खालीच होत्या. शालिकच्या हातातून सायकल घेतली. पिशवीतून हातमोजे काढले, चढवले, एकदा मूठ वळवून पाहिली.

"अजी सिस्टरबाई, तुमची ट्रंक!" मी ओरडलो.

"जाऊ द्या थिले पुढं! मी येतो मागून!"

एसटी ट्रंक घेऊन भंडाऱ्याकडे निघून गेली आणि सिस्टर उलट्या दिशेला. पुरुषी दांडीची सायकल, साडी खोचलेली, शालिक मागे पळतोय. "हो बाजूले, येऊन राहिली!" पाळीवर चढेपर्यंत दिसत होत्या. हँडलवर कोशाचे पिवळसर पंजे आणि पुढे उघडी बोटं. मग उतारावर सायकल गेली आणि दिसेनाशी झाली. मी त्यांना पाहिलं ते शेवटचं.

संध्याकाळपर्यंत मंदा मशीनवर बसून राहिली. मशीन चालू नव्हतं. शेवटी शालिक आला, बाळंतिणीसाठी कापड घ्यायला. पोरगी झाली होती. दोघी छान. सिस्टर तिथूनच शालिकच्या घरच्या बैलगाडीत बसून दुसऱ्या रस्त्याने डांबरीला लागल्या आणि मिळेल ती एसटी धरून गेल्या.

मी विचारलं, "सूप धरलं होतं का?"

"हो जी, बुढीनं धरलं. या वेळी मुद्दाम तीन जातीचे मिसळले होते तिनं, सिस्टरबाई जाऊन राहिली म्हणून गंमत. सिस्टरनं डोळे मिटले, नाक दाबलं, म्हणे, 'बुढे, मले फसवते का? तीन हायेत.' तिन्हीची नावं सांगितली." शालिक हसला आणि मग मंदाकडे वळला. "मामी, तुम्हाले निरोप दिला हाये. म्हणे, मंदाले सांगजो, हात जागे होते."

मंदा, जी स्टँडवर रडली नव्हती, ती तेव्हा मशीनवर डोकं ठेवून रडली. मी कोशाचं ठाण काढलं आणि शालिकच्या पोरीसाठी मोठा तुकडा कापून दिला.